मुठीवरचा दात

मित्रांनो, मी एक जुनी सुरी आहे, पण मला भाजी चिरायला लावू नका. मी कानाची सुरी आहे. आमच्या पठारावर रेनडिअरच्या पाडसाच्या कानावर मालकाची खूण कापतात, ते माझं काम. खूण नसलेलं पाडस कोणाचंच नसतं.

मला मिहकालनं घडवलं. मूठ शिंगाची, मधे भूर्जाच्या लाकडाचा पट्टा. उन्हाळ्यात कळप कुंपणात आणायचा, कुठलं पाडस कुठल्या आईमागे धावतंय ते नीट बघायचं आणि मगच फास टाकायचा. इथे चूक झाली तर शेजाऱ्याचं पाडस आपलं होतं आणि शेजारी कायमचा तुटतो. मिहकालची चूक मी कधी पाहिली नाही. "याचा काप लांबून ओळखू येतो," असं लोक म्हणायचे, तेव्हा मला फार बरं वाटायचं. एखाद्या पाहुण्यानं त्याला जनावरं किती म्हणून विचारलं, की तो म्हणायचा, "थोडी टेकडीच्या अलीकडे, थोडी पलीकडे." आमच्यात असं विचारणं म्हणजे दुसऱ्याच्या खिशात हात घालणं.

मिहकाल गेला आणि मी त्याच्या बायकोच्या, राव्दनाच्या कमरेला आले. मुलगा इस्सात किनाऱ्यावर मासळीच्या कारखान्यात कामाला लागला. घरात आम्ही दोघीच उरलो. राव्दना बोलायची ती माझ्याशीच, आणि मला तर उत्तर देता येत नाही.

मग ते वाईट हिवाळे आले. भर थंडीत पाऊस पडायचा, लगेच गोठायचा, आणि जनावरं खातात ते खालचं शेवाळ बर्फाखाली बंद व्हायचं. जनावरं खुरांनी उकरून उकरून थकायची. पोत्यांनी चारा विकत आणावा लागला, बर्फावरच्या स्कूटरला पेट्रोल लागलं. मांस विकून जे आलं ते सगळं त्यातच गेलं. "मी जनावरं पाळतेय की चारेवाल्याला, तेच कळेना," राव्दना मला पुसता पुसता म्हणाली. वसंतात तिनं ठरवलं, थंडी सुरू व्हायच्या आत सगळा कळप विकायचा. कानच नसतील तर माझं काय काम? मला खूप एकटं वाटलं.

शेवटच्या खुणा करायला इस्सात आला, आपल्या तान्ह्या लेकीला, सुन्नाला घेऊन. आता आमचा एक रिवाज ऐका. बाळाचा पहिला दात ज्याला दिसेल, त्यानं बाळाला एक मादी पाडस द्यायचं. त्यातूनच पुढे बाळाचा कळप वाढतो.

"आई, तिच्या तोंडात डोकावू नकोस हं," इस्सात हसत म्हणाला.

"मी कशाला डोकावते? बाप तू आहेस, तूच बघ."

"माझ्याकडे द्यायला काय आहे? मासळी?"

दोघंही हसले, पण बाळाच्या तोंडाकडे कोणी बघेना. सुन्ना जांभई देऊ लागली की राव्दना खिडकीबाहेर बघायची.

मी म्यानात, टेबलावर पडले होते. सुन्नानं मला ओढलं आणि माझी मूठ तोंडात घातली. इतक्या वर्षांत मला असं कोणी धरलं नव्हतं. ओल्या हिरड्या, आणि एका जागी काहीतरी कडक, टोकदार. ते मला टोचलं, आणि मी खूश झाले.

राव्दनानं मला सोडवून घेतलं. भूर्जाच्या पट्ट्यावर तिचं बोट थांबलं. तिथे एक बारीकशी खाच पडली होती. तिनं मूठ इस्सातपुढे धरली.

"जाऊ दे आई," इस्सात हळूच म्हणाला. "कोणी बघितलंच नाही म्हणू."

"सुरीनं बघितलंय. तुझ्या बाबांची सुरी आहे ती."

"आणि हिवाळ्यात त्या एकट्या पाडसाला चारा कोण घालणार?"

"आपला शेजारी आहे ना, त्याच्या कळपात राहील. चाऱ्याचं तू बघ."

इस्सातनं मान खाली घातली. मग म्हणाला, "बघतो. माझ्या पगारातून."

दुसऱ्या दिवशी राव्दनानं एका मादी पाडसाला गुडघ्यांत धरलं. सुन्नाच्या जन्मानंतर तिनंच हट्टानं बाळाच्या नावावर नोंदवून घेतलेली खूण होती: आजोबांचा काप, आणि खालून एक बारीक खाच जास्त. राव्दनानं कान ताणून धरला. मी सरळ गेले.

थंडी पडायच्या आत ट्रक आले आणि आमचा कळप घेऊन गेले. रिकाम्या कुंपणाचं दार राव्दनानं तरीही लावून घेतलं. तेव्हापासून मी खिळ्यावर आहे. खिडकीतून डोंगर दिसतो, आणि त्या अख्ख्या डोंगरावर माझा एकच कान फिरतोय. बाहेर पाऊस पडू लागला की माझ्या पात्याला झोप लागत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी अशी जुनी सुरी असेल तर तिला गंजू देऊ नका, अधूनमधून तेलाचं बोट लावा. माझ्यासाठीही इस्सातला सांगा. ती मादी मोठी झाली की विणार आहे, तिच्या पाडसाला खूण लागेल. रिवाजाप्रमाणे दात पहिल्यांदा मला कळला, मित्रांनो. सुन्नाला ते पाडस मी दिलेलं आहे.