निळं विष

रविवारची प्रार्थना आटोपली आणि सगळं गाव चर्चसमोरच्या मैदानात लोटलं. नीरफणसाच्या झाडाखाली गावोगाव औषध देत फिरणारा उएलेसे उभा होता, आणि त्याच्यासमोर माणसं स्वतःच्या लघवीच्या बाटल्या हातात धरून रांगेत उभी होती. लाजबीज कुणाला नव्हती, कारण बाटल्यांत निळंशार पाणी होतं. कुणाचं जरा हिरवट, कुणाचं थेट प्रवाळाच्या कडेच्या समुद्रासारखं.

"दहा-दहा वर्षांचं विष आहे हे," उएलेसे सांगत होता. "शहरातले, आपियाचे डॉक्टर सुया टोचतात, यंत्राला जखडतात. एक थेंब तरी निळा काढला का त्यांनी? माझी एक गोळी, वर दोन जग पाणी. मूत्रपिंडं धुतलेल्या चटईसारखी स्वच्छ."

गाव माना डोलावत होतं. शाळेत विज्ञान शिकवणारी फुआतिनो मात्र बाटल्यांकडे पाहत नव्हती. चर्चच्या खांबाला टेकून बसलेल्या आपल्या बापाकडे, पेनियामिनाकडे, तिचं लक्ष होतं.

पेनियामिनाची मूत्रपिंडं साखरेच्या आजारानं दोन वर्षांपूर्वीच निकामी झाली होती. आठवड्यातून तीनदा पहाटेची बस धरून तो आपियाला जायचा आणि चार तास डायलिसिसच्या खुर्चीत बसायचा. दिवसाला दोनच पेले पाणी, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मंगळवारी तो घरी आला आणि म्हणाला, "आता नाही जायचं. उएलेसे बरं करतोय." तेव्हापासून रोज गोळी आणि रोज दोन जग पाणी. पाय सुजून खांबासारखे झाले होते. आडवं झालं की जीव घुसमटायचा. आणि निळं काही येत नव्हतं. दिवसाकाठी चमचाभर लघवी, तीही पिवळी.

"पेनियामिना," उएलेसे मायेनं म्हणाला, "तुझं विष अडलंय, कारण मनात काहीतरी दडलंय. कबूल कर. आणि आजपासून चार जग."

म्हाताऱ्यानं मान खाली घातली. गेले चार दिवस तो आपलं पाप शोधत होता. तीस वर्षांपूर्वी भावाशी झालेल्या भांडणाची त्यानं सगळ्यांसमोर माफीसुद्धा मागितली होती.

"बाबा, उठा. दवाखान्यात जाऊ," फुआतिनो म्हणाली.

"निळं येऊ दे गं आधी," तो धापा टाकत म्हणाला. "सगळ्यांचं आलं. माझंच का नाही?"

त्या प्रश्नानं ती थबकली. सगळ्यांत निळी बाटली पुलोतुच्या हातात होती, आणि पुलोतु म्हणजे तारोच्या कंदांची दोन पोती एकदम उचलणारा गडी. आयुष्यात कधी आजारी पडला नव्हता.

तिनं बापाच्या खिशातली गोळी काढली आणि तिचं आवरण सोडवलं. आत गडद हिरवी पूड होती. बोटाला लागली ती निळी होऊन बसली. हा डाग तिच्या चांगला ओळखीचा होता. कांद्याचा पापुद्रा सूक्ष्मदर्शकाखाली दिसावा म्हणून शाळेत ती हाच रंग वापरायची. पाद्रीबुवांकडून तिनं काचेचा पेला मागून घेतला आणि चिमूटभर पूड पाण्यात सोडली. पाणी निळंशार झालं.

"या पाण्यात कुणाचं विष आलं, उएलेसे?" तिनं विचारलं.

"अंगाबाहेर औषध असंच दिसतं," तो म्हणाला. "पोरी, श्रद्धा नसेल तर—"

"पुलोतुदादा, तुला काय आजार होता रे?"

"मला? काहीच नाही," पुलोतु ओशाळून म्हणाला. "सगळे घेत होते, म्हणून घेतली."

"म्हणजे धडधाकट माणसात विष सगळ्यांत जास्त, आणि मरायला टेकलेल्यात थेंबभरही नाही?" ती गावाकडे वळली. "मूत्रपिंड ही गाळणी आहे. रक्त तिच्यातून दिवसरात्र फिरतं. कामाचं पाणी, साखर, मीठ ती परत रक्तात घेते, घाण लघवीत सोडते. तुम्ही रंग गिळलात, तुमच्या गाळण्यांनी तो बाहेर काढला. तुमची मूत्रपिंडं ठणठणीत आहेत, एवढाच त्या निळ्याचा अर्थ. बाबांच्या गाळण्या बंद पडल्यात. रंग बाहेर येत नाही, पाणीही येत नाही. हा ओततोय ते सगळं त्यांच्या अंगात साठतंय. आता छातीत भरलंय."

पुलोतुनं बाटली गवतावर ओतली, येऊन म्हाताऱ्याला उचललं आणि पाद्रीबुवांच्या गाडीत नेऊन बसवलं.

पेनियामिना वाचला. पण छातीतलं पाणी उतरायला सहा दिवस लागले. डायलिसिसला त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसणारी लोसिवाले मात्र परत आली नाही. तिच्या गावी उएलेसे महिनाभर आधी जाऊन आला होता. ती अखेरपर्यंत पाणी पीत राहिली, असं तिच्या बहिणीनं सांगितलं.

गावच्या सभेनं उएलेसेला हाकलून दिलं. तो बोटीनं पलीकडच्या बेटावर गेल्याचं कळलं, तेव्हा पेनियामिनानं मुलीला कागद घ्यायला लावला.

"तिकडच्या पाद्रींना लिही," तो म्हणाला. "सांग, गोळी फोडून पाण्यात टाकून बघा. ज्याला निळं येत नाही त्याला पाप विचारू नका, लगेच दवाखान्यात न्या. आणि माझं नाव घाल. मी चार दिवस माझं पाप शोधलं. पाप नव्हतं. माझी मूत्रपिंडं बंद पडली होती."