वोझेल हवेलीची मालकी

दक्षिण फ्रान्सातल्या एक्स गावातली वोझेल हवेली बांधली एमारच्या पणजोबांनी. पुढच्या पुरुषांनी तिच्यासाठी काय केलं म्हणाल, तर आजोबांनी दिवाणखान्यातले आरसे पत्त्यांत घालवले आणि वडिलांनी तबेल्यातले उमदे घोडे. रुबाब मात्र तिळभर कमी झाला नाही. जळो मेला तो रुबाब.

मग क्रांती झाली. उमराव सरहद्दीपार पळाले आणि मागे त्यांची घरं सरकारजमा होऊ लागली. एमारही पळाला आणि इटलीतल्या तुरिनहून त्यानं बायकोला, सिदोनीला, चिठ्ठी धाडली : ‘घटस्फोट घे. हुंड्याच्या परतफेडीपोटी हवेली तुझ्या नावावर होईल. नुसता कागद आहे.’ तेव्हा असे कागद बऱ्याच घरांत झाले. सिदोनीनं सही केली आणि घरी येऊन धाय मोकलून रडली.

नऊ वर्षं तिनं हवेली राखली. दारावरचं उमरावी कुलचिन्ह स्वतः उभं राहून फोडून घेतलं. तोफांच्या दारूला लागणाऱ्या सोऱ्यासाठी तळघराच्या भिंती खरवडायला माणसं आली, त्यांना गरम सूप दिलं. सासूचं शेवटचं दुखणं एकटीनं काढलं.

आता माफी मिळून एमार परतला होता. आज नगरपालिकेत दोघांचं पुन्हा लग्न लागायचं होतं. दोन सह्या झाल्या, की कायद्यानं हवेलीचा कारभार परत नवऱ्याच्या हाती. सिदोनी खरोखर खुशीत होती.

“बाईसाहेब, किती वेळ नटताय?” म्हातारा दरवान बाप्तिस्तँ खालून म्हणाला. “नवरा तोच आहे, बघितलेला.”

“तू गाडी जुंप, जास्त बोलू नकोस,” ती हसून म्हणाली.

एमार खिडकीशी उभा राहून बाग बघत होता. “ही अंजिराची झाडं बरी वाढवलीस. रोबियो खूश होईल.”

“त्यांचा काय संबंध?”

“तुरिनला त्याच्याशी पत्ते खेळताना बाग पणाला लावली होती. पानं वाईट आली. आता शब्द दिलाय म्हटल्यावर पाळायला नको? बागच आहे गं, हवेली थोडीच.”

“कधी दिलात शब्द?”

“चारेक वर्षं झाली असतील.”

“तेव्हा बाग माझी होती.”

“अगं, तो नुसता कागद.”

सिदोनीनं खांद्यावरची शाल काढून घडी घातली.

“देवाच्या लेखी आपण कधी वेगळे झालोच नाही,” ती म्हणाली. “तुमचं खाणंपिणं, दुखणंखुपणं सगळं मी बघेन. मेल्यावर तुमच्याशेजारीच मला पुरतील. पण नगरपालिकेत मी येणार नाही.”

एमार खिडकीपासून वळला. “मग या घरात मी कोण?”

तिला भडभडून आलं. याच माणसाची तिनं नऊ वर्षं वाट पाहिली होती.

“माझे नवरे,” ती म्हणाली. “मालक नाही.”

आणि बाप्तिस्तँला घोडे सोडायला सांगायला ती खाली गेली.