वाळूचा शंख

प्रयोगशाळेत मोठ्या बाईंचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. किड्याचा नुसता पाय दिसला तरी त्या त्याचं कूळ सांगायच्या. त्यामुळे ओढ्याच्या चौदा नंबरच्या बाटलीवर त्यांनीच चिकटवलेल्या ‘गोगलगायी’ या चिठ्ठीबद्दल अकरा वर्षांत कुणी शंका काढली नव्हती.

आज त्या ओढ्याच्या अहवालावर सही व्हायची होती. स्वच्छ पाण्यातले नाजूक जीव सापडले नाहीत, तर रंगाच्या कारखान्याला तिथे सांडपाणी सोडायची परवानगी मिळणार. गोगलगायींचं काय, त्या गढूळ पाण्यातही तग धरतात. बाईंनी पेन उघडलं.

तेवढ्यात बाटल्या धुणाऱ्या काकू बशी घेऊन आत आल्या. “बाई, ओढ्याच्या सकाळच्या पाण्यातली ही गोगलगाय पाय काढून चालतेय.”

“काकू, गोगलगाय अन् पोटात पाय ही म्हण आहे हो. शास्त्र नव्हे.”

“म्हणीचं राहू द्या. मी मोजलेत. सहा.”

बाई हसल्या, पण पेन खाली ठेवलं. त्यांनी एका खऱ्या गोगलगायीच्या शंखावर आम्लाचा थेंब टाकला. चुन्याचा शंख तो, लगेच फसफसला. मग चौदा नंबरच्या बाटलीतल्या शंखावर टाकला. तो ढिम्म. चुना नव्हताच तिथे, वाळू होती!

सूक्ष्मदर्शकाखाली बाईंनी बशीतली अळी धरली. वाळूचा कण न् कण रेशमाने चिकटवून तिने वळणदार घर बांधलं होतं. घराबाहेर सहा पाय, आणि शेपटीच्या आकड्याला फणीसारखे दाते. या फणीवरूनच तर ओळखायची, हेलिकोप्सायकी! पाण्यात अळी वाढवणाऱ्या कॅडिसमाशीची प्रजाती. ओढा नासला की आधी हीच नाहीशी होते.

“काय कारागीर आहे!” बाई उद्गारल्या. आणि त्यांना स्वतःची लाजही वाटली. पायावरून कुळं सांगणाऱ्या त्यांनी इथे शंख बघून पाय शोधलेच नव्हते.

त्यांनी परवानगी देणाऱ्या साहेबांना फोन लावला. “परवानगी देता येणार नाही. ओढा स्वच्छ आहे.”

“अहो, मग आधीचे अहवाल?”

“अकराही वर्षांचे चुकले. चूक माझी, तसं लिहून घ्या.”

फोन ठेवून त्या वळल्या. “काकू, डोळा तुमचा खरा. हिला आता ओढ्यात सोडून या.”

काकूंनी बशी पदराआड धरली. “सोडते ना. आधी सही करा. साक्षीदार निकालाआधी सोडतात होय?”