चाकाला लागलेला हात

अगं, आधी ऐक, मग चहा पी. आमच्या वॉर्डात जुलाब लागले म्हणून एक शिलाईकाम करणाऱ्या मावशी आल्या होत्या. आल्या-आल्याच माझ्या युनिफॉर्मची किनार बघून म्हणाल्या, "ही टीप कुणी घातली, वैऱ्यानं?" जीभ म्हणजे नुसती कात्री.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर बाई हवेत चिमटी धरून सुई ओवतायत. सुई नाही, दोरा नाही! त्यांचा मुलगा म्हणे, वय झालंय, झोप नाही झाली. पण कालची कात्री एका रात्रीत बोथट होते होय? डोकं दुखत होतं, उलटीही झालेली. काय काय पाजलंस विचारलं, तर पाणीच, जगच्या जग. जेवण नाही, मीठ नाही, त्यात बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी चालू. मी पळतच डॉक्टरांकडे गेले. रक्त तपासलं, सोडियम एकशे बारा. एकशे पस्तीस तरी असावं लागतं गं. नुसत्या पाण्यानं रक्तातलं मीठच पातळ झालेलं.

मग जास्त मिठाचं सलाईन लावलं, अगदी थेंब-थेंब. मुलाला बजावलं, भसकन वाढलं तर मेंदूलाच इजा होते. थोड्या वेळानं मावशींनी डोळे उघडले, त्याला "बाळ्या" म्हणून हाक मारली. तो ढसाढसा रडला. मी शेजारच्या पेशंटचं ड्रेसिंग करून येते तर सलाईनची नुसती धार लागलेली. त्यानं नळीवरचं, थेंब कमी-जास्त करायचं चाक फिरवलं होतं.

"एवढ्याशानं ओळखलं मला. म्हटलं, सगळं आत गेलं तर पूर्ण बरी होईल."

मी चाक बंद केलं. पुन्हा रक्त घेतलं, सोडियम नको तितकं चढलेलं. डॉक्टरांनी ते खाली आणायला साधं साखरेच्या पाण्याचं सलाईन लावलं, तर हा म्हणतो, पाण्यानंच झालं ना हे सगळं? म्हटलं, तेव्हा ते जास्त झालं होतं, आता तेच औषध. डॉक्टर म्हणाले, इजा झाली असेल तर काही दिवसांनी दिसेल. बोलणं अडखळेल, गिळता येणार नाही, हातपाय चालणार नाहीत. तोवर फक्त लक्ष ठेवायचं.

मग काय, दर ड्यूटीला तेच. मावशी, बोला. चमचाभर गिळा. माझा हात दाबा. आणि तो शेजारी स्टुलावर, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसलेला. आईचं पांघरूण सरकलं तरी मला हाक मारायचा, स्वतः हात लावायचा नाही.

काल मी घरून खरी सुई आणली, दोरा आणला. मावशींनी दोरा नेला, चुकला. परत नेला, परत चुकला. तो स्टुलावरच पुढे झुकला. मीही झुकले, खोटं कशाला बोलू.

"चष्मा कोण देणार?" मावशी करवादल्या. "का नुसतं टुकूटुकू बघतच बसणार आहात दोघं?"

चष्मा लावला आणि एका फटक्यात ओवला गं दोरा. डॉक्टर म्हणाले, अजून लक्ष ठेवायचंच, पण लक्षण चांगलं आहे. मी त्याच्याकडे वळले. हात अजून मांड्यांखालीच होते. मावशींचे पाय उघडे पडले होते, तिकडे बघून हळूच म्हणाला, "ताई, पांघरूण नीट करू का? चालेल?"