टाकीखालचा रंग

मित्रांनो, मी एक जुनी मोटरसायकल आहे, पण माझ्याकडे पाहून ते कुणाला पटत नाही. तोंड पाहून घ्यावं अशी माझी टाकी चकचकते. येणारेजाणारे फाटकाशी थांबून म्हणतात, "काय ठेवलीय गाडी!" ठेवलीय हे मात्र अगदी खरं. मी जागची हलत नाही. का हलत नाही ते मला पक्कं ठाऊक आहे, आणि सांगायला तोंड नाही.

मी कारखान्यात जन्मले. त्यात विशेष काही नाही, सगळ्याच गाड्या तिथे जन्मतात. माझं खरं आयुष्य सुरू झालं ते मालकांनी मला घरी आणल्यावर. मालक लोखंडी कपाटांच्या कारखान्यात रंगारी होते. नुकतंच लग्न झालेलं. संध्याकाळी ते कामावरून आले की मालकीणबाई मागे बसायच्या आणि आम्ही नदीच्या पुलापर्यंत जाऊन यायचो. मी पहिल्या किकला सुरू व्हायचे. तेव्हाचा माझा तोरा काही विचारू नका.

पुढे मुलं झाली, सगळे एका गाडीवर मावेनासे झाले, आणि माझी रवानगी जिन्याखाली झाली. अंगावर रद्दीचे गठ्ठे आले. उंदरांनी सीट कुरतडली. माझी आठवण फक्त रद्दीवाला आला की निघायची.

मालक निवृत्त झाले आणि त्यांचे हात थरथरू लागले. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं की हे वाढत जाणार, काय हौस असेल ती लवकर भागवून घ्या. त्या दिवशी मालकीणबाई म्हणाल्या, "अहो, मला एकदा गाडीवरून पुलापर्यंत न्या. मग पुन्हा हट्ट नाही करणार."

मालकांनी मला जिन्याखालून काढलं, सुटी केली, घासली आणि रंगवली. मालकांचं काम म्हणजे काम. कपाटाची भिंतीकडची बाजूसुद्धा ते दाराइतकीच मन लावून रंगवायचे. "जिथे नजर पोचत नाही, तिथेच गंज धरतो," असं ते नेहमी म्हणत. तेव्हा टाकीखाली जिथे माझी ठिणगी तयार करणारी कॉइल बसते, ती जागाही त्यांनी रंगाचे थर देऊन गुळगुळीत केली. थरथरत्या हाताला दुसऱ्या हाताचा आधार देऊन केली. मग सगळं जोडलं आणि किक मारली. मी ढिम्म.

कोपऱ्यावरच्या गॅरेजचे मिस्त्री मालकांचे जुने मित्र. ते आले. प्लग काढून इंजिनाला टेकवला, किक मारली, ठिणगी नाही. नवा प्लग लावला, नाही. पॉइंट घासले, कंडेन्सर बदलला, तरी नाही. शेवटी त्यांनी कॉइल सोडवून इंजिनाच्या उघड्या नटाला टेकवून धरली, तर निळी ठिणगी टचकन उडाली. परत जागेवर बसवली की ठिणगी गायब. मिस्त्रींचा चेहरा पडला, आणि मी ओळखलं की यांना कळलं.

मित्रांनो, विजेला जायला वाट लागते तशी परत यायलाही लागते. माझ्यात ती परतीची वाट लोखंडातून जाते. लोखंडाला लोखंड उघडं भिडावं लागतं. मध्ये रंग आला की वीज अडली. कॉइलखालची बोटभर जागा खरवडली असती तर काम झालं असतं.

मिस्त्री बोलायला तोंड उघडणार, तोच मालक फडकं घेऊन आले. "मिस्त्री, जपून हं. रंगाला धक्का लागू देऊ नका. हे माझं शेवटचं काम आहे, आता ब्रश धरवत नाही."

मिस्त्रींनी गुपचूप एक वायर घेऊन कॉइल इंजिनाला जोडली आणि म्हणाले, "मारा किक, दादा." मी अशी कडाडले की मालकीणबाई ओल्या हातांनी बाहेर आल्या. उद्या पुलापर्यंत जायचं ठरलं. मिस्त्री त्याच संध्याकाळी मुलीच्या बाळंतपणासाठी परगावी गेले.

सकाळी मालक मला पुसायला बसले आणि त्यांना वायर दिसली. "अगं, हे बघ. मिस्त्रींनी काय लोंबकळत ठेवलंय."

"राहू द्या की. काही विचार करूनच लावली असेल."

"इतकी वर्षं गाडी या वायरीवाचूनच चालली ना?"

बोलणं बिनतोड होतं. मी आतल्या आत ओरडत होते, नको मालक, नको. त्यांनी वायर उपटली, तिथला डाग पुसला आणि समाधानाने मागे सरकून पाहिलं.

मग मालकीणबाई ठेवणीतले कपडे घालून मागे बसल्या. मालकांनी किक मारली, पुन्हा मारली, घामाघूम होईपर्यंत मारत राहिले; वायरीचा संशय मात्र त्यांच्या मनाला शिवलाही नाही. शेवटी मालकीणबाई हळूच उतरल्या. "असू दे हो. चहा टाकते," म्हणाल्या. असहाय्य म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं.

मिस्त्री परतायला बरेच महिने गेले. तोवर मालकांना कपसुद्धा दोन्ही हातांनी धरावा लागत होता. क्लच दाबायचं नावच नको. मिस्त्रींनी टाकीखाली वाकून पाहिलं.

"वहिनी, इथली वायर?"

"ती यांनी काढली. शोभत नव्हती म्हणाले."

खुर्चीतून मालकांनी विचारलं, "मिस्त्री, खरं सांगा, माझ्या रंगात काही खोट राहिली का हो?"

"नाही दादा," मिस्त्री म्हणाले. "रंग अगदी पक्का बसलाय."

मित्रांनो, आपल्या माणसाचं मन जपा, मी नको म्हणत नाही. पण त्याची चूक दिसली तर तोंड असताना गप्प राहू नका. आणि कधी या घरावरून गेलात तर माझ्या रंगाचं कौतुक करू नका. आत या, टाकी उचला आणि मला एक ओरखडा काढा.