मासोळीले उपास

भंडाऱ्याच्या बाजारात मी पंचवीस वर्सं झाली मच्छी कापून राहिली. रोहू असो का कतला, मले कोणाची दया नाई आली. अन् त्या सकायी घरच्या काचपेटीतली बोटभर सोनेरी मासोळी पोट वर करून तरंगताना दिसली, त मी बाजाराची टोपली तशीच खाली ठेवली. बाप्पा, आता ह्या बुढ्याचं काय करू!

बुढा म्हंजे माहा नवरा, तुलाराम. मागच्या साली लकवा मारला, उजवा हात लुळा पडला. बोलणं लडबडते म्हणून लाजेनं बोलतच नाई. दिवसभर भिंतीकडे तोंड करून निजे. पोरगा कैलाश वरठीच्या कारखान्यात जाते, त्यानं मासोळीसंगं ही काचपेटी आणली. तवापासून बुढा सकायी स्वतःहून उठून बसाले लागला. मासोळी गेली त हा परत निजन, अन् मंग काही उठत नाई, हे मले पक्कं माहीत होतं.

कैलाश म्हणे, "माय, फेक ना ते. दुसरी आणतो."

"बाप बी दुसरा आणशीन काय रे?" म्हटलं.

शेजारची रुखमा हासाले लागली. "अवो सुलोचनाबाई, कापणारीच दवा करून राहिली काय?"

"हो, करून राहिली. तुह्या बापाचं काय जाते?"

मासोळी ओल्या हातावर घेतली. पोट गच्च. मच्छी कापणारीले पोट कायले शिकवा लागते? माशाच्या पोटात हवेचा पांढरा फुगा असते, मी रोज काढून फेकते. पोट ठेसून भरलं की थो फुगा दबते, अन् मासा पलटी खाते. मासोळीच्या दान्याची डबी उघडून पायली. महिनाभराची डबी आठ दिवसात खल्लास! बुढा दिवसभर डाव्या हातानं चारत होता. दुसरं काम तरी काय होतं त्याले?

कैलाशनं मोबाइलवर पायलं. तीन दिवस दाना बंद, मंग उकडलेला मटर, साल काढून. मी पाण्यात जरासं खडा मीठ टाकलं अन् बुढ्याच्या हातची डबी हिसकली.

"कसाईन!" बुढा ओरडला. अन् ताट लोटून देलं.

"रहा उपाशी. पाहू कोण हारते ते!" मी बी कमी नाई.

तीन दिवस त्यानं चहाशिवाय काही घेतलं नाई. मी मात्र रांधणीत भांडे वाजवत होती, 'जेवली मी पोटभर' म्हणून खोटंच सांगत होती. माहं ताट बी तसंच झाकून राहे. लय भेव वाटत होतं. पण दाना काही देला नाई.

चौथ्या दिवशी मासोळी तिरपी झाली, पण उलटी नव्हती. मी चार मटर उकडले अन् ताटलीत त्याच्यापुढं ठेवले. "सोला. उजव्या हातानं."

त्यानं डोळे वटारले.

"साल असली त ते खात नाई. अन् मी काही काढून देत नाई. जगवाची असन त तुमीच पाहा."

पहिला मटर घरंगळला. दुसरा चेंदला. माहे हात शिवशिवत होते, मी ते पदरात गुंडाळून बसली. तिसऱ्या मटराले किती वेळ लागला कोण जाणे, पण अंगठा अन् बोट जुळले, साल निघाली. त्यानं चिमटीनं कुस्करून पाण्यात टाकला. मासोळी वाकडीतिकडी येऊन एक कण गिळून गेली. मंग दुसरा. दुपारपर्यंत सरळ पोहाले लागली.

"आता तरी जेवान काय?" मी विचारलं.

उरलेला चौथा मटर बुढ्यानं उजव्या हातात घेतला. घाम आला, तरी साल काढलीच. म्हटलं, आता हा पाण्यात टाकन. पण त्यानं थो हात माह्या तोंडासमोर धरला.

"घे," म्हणे. "तू बी... उपाशीच हायेस."