ठोकळ्यांच्या गावात वीणेचा पहारा

कादंबरीच्या सासूबाईंचा, शैलाताईंचा, आवाज कधी चढायचा नाही. उलट त्या अगदी हळू आवाजात काही मागू लागल्या की कादंबरी हातातलं काम खाली ठेवायची, कारण मागणं हमखास जगावेगळं असायचं.

"कादंबरी, तुझ्या त्या क्लाउडवर सप्ताह बसवता येईल का गं?"

तेवढ्यात कोलकात्यातल्या दमदमच्या त्यांच्या घरावरून एक विमान गच्ची घासल्यासारखं गेलं. आवाज विरेपर्यंत कादंबरीनं विचार केला, आपण बरोबर ऐकलं का? बरोबरच ऐकलं होतं.

क्लाउड हे कादंबरीच्या पोटापाण्याचं काम. सॉल्ट लेकच्या कंपनीत ती मोठमोठ्या दुकानांचे सर्व्हर सांभाळायची. घरी लेकीसाठी, नूपुरसाठी, तिनं एक छोटासा सर्व्हर भाड्यानं घेतला होता. मुंबईतल्या कुठल्याशा इमारतीत बसलेलं एक यंत्र, आणि त्याच्यावर ठोकळ्यांचा खेळ. नूपुर, तिची मामे-आते भावंडं, ज्यानं त्यानं आपापल्या गावाहून त्या एकाच जगात शिरायचं आणि ठोकळ्यावर ठोकळा रचून वाटेल ते बांधायचं. कोलकात्यात मराठी बोलायला माणूस मिळेना, म्हणून शैलाताई एकदा नातीशेजारी बसल्या त्या बसल्याच. बघता बघता त्यांनी गावाकडचं विठ्ठलमंदिर उभं केलं. सभामंडप, दीपमाळ, पाराभोवतीचा पिंपळ, अगदी मागच्या दाराची मोडकी पायरीसुद्धा.

यंदा गावातलं खरं मंदिर जीर्णोद्धाराला काढलं होतं, म्हणून श्रावणातला सप्ताह होणार नव्हता. आणि लग्न होऊन त्या घरात आल्यापासून शैलाताईंचा वीणेचा पहारा एकाही वर्षी चुकला नव्हता.

"सात दिवस अखंड नाम चालायला हवं. वीणा या हातातून त्या हातात जाते, जमिनीला टेकत नाही," त्या म्हणाल्या. "इथे एवढे पहारे करायला माणसं कुठून आणू? पण तुझ्या त्या गावात सगळे येतात की."

"वा! आता पांडुरंगालाही पासवर्ड!" सासरे मनोहरराव पेपराआडून म्हणाले. बँकेतून निवृत्त झाल्यापासून सगळ्या गोष्टींवर शेरा मारायचं काम ते बिनपगारी करत.

"अहो, सुपारीत गणपती बघता ना तुम्ही?" शैलाताईंनी शांतपणे विचारलं.

पेपर आणखी वर गेला.

मग तयारी सुरू झाली. खेळात वीणा मिळेना. नूपुरनं सगळ्या पेट्या उपसून एक लांब काठी काढली, तिला टोकाला तार.

"आजी, हे बघ. एक तार आहे."

"छान आहे गं. काय आहे हे?"

"फिशिंग रॉड."

पेपराआड खो खो हसू फुटलं. "बंगालात येऊन शेवटी मासे धरायला बसलीस, शैला!"

शैलाताईंनी क्षणभर विचार केला. "हिनं मासा धरलाय का कधी?"

"नाही. एकदम नवा आहे."

"मग ती वीणाच."

पण पहिल्याच सरावात घोटाळा झाला. नूपुरनं वीणा आजीला दिली, म्हणजे आजीच्या पुढ्यात टाकली. वीणा सभामंडपात पडली, आणि शैलाताई खुर्चीतून ताडकन उठल्या. त्या खेळात हातची वस्तू हाती द्यायची सोयच नव्हती. एकानं टाकायची, दुसऱ्यानं उचलायची.

"असा सप्ताह नको मला," त्या इतक्या हळू म्हणाल्या की कादंबरीनं त्याच दुपारी कंबर कसली. आधी सगळ्या जगाची एक प्रत काढून ठेवली. मग खेळाच्या सर्व्हरला जोडायच्या लहान लहान पुरवण्या धुंडाळल्या, आणि वस्तू हातोहात देणारी एक सापडली. ती बसवली, सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला. शिवाय राक्षस-बिक्षस सगळे घालवून टाकले, कारण खेळात कुणी मेलं की त्याच्या हातातलं सगळं जमिनीवर सांडतं. बाहेरचं कुणी घुसू नये म्हणून यादी केली. यादीत नाव असेल त्यालाच प्रवेश.

आणि सप्ताह बसला!

पहाटेचा पहारा शैलाताईंच्या बहिणीचा, नागपूरच्या सुनंदामावशींचा. दुपारचा त्यांच्या यजमानांचा, जयप्रकाशरावांचा. रात्रीचे सगळे त्यांच्या न्यू जर्सीतल्या मुलाकडे, अनिकेतकडे, कारण तिथे तेव्हा लख्ख दिवस. फोनवर सगळ्यांचा एकत्र कॉल चालू ठेवलेला आणि त्यावर अखंड 'रामकृष्ण हरी'. वीणा देताना देणाऱ्यानं आणि घेणाऱ्यानं एकमेकांच्या पाया पडायचं ही रीत. खेळात वाकायचं एक बटण होतं. ते एकदा सापडल्यावर कुणी सोडेना. देऊळभर ठोकळ्यांची माणसं पंपासारखी खालीवर होऊ लागली.

जेवण झाल्यावर पहाऱ्याला बसलेल्या जयप्रकाशरावांचं डोकं कीबोर्डवर पडलं, आणि त्यांचा ठोकळामाणूस वीणेसकट चालत चालत थेट विहिरीत उतरला.

"ताई! बुडाले गं हे!" सुनंदामावशींनी फोनवर हंबरडा फोडला.

"त्यांना मरायची परवानगी नाही, मावशी, मी सेटिंग केलंय," कादंबरी म्हणाली. "पण आई, वीणा?"

"पाणी म्हणजे जमीन नव्हे," शैलाताईंनी निवाडा दिला. "जागे करा त्यांना आणि नाम चालू ठेवा."

असं करत करत काल्याचा दिवस उजाडला. शेवटचा पहारा शैलाताईंचा. त्यांनी नेसूचं नवं लुगडं सारखं केलं आणि हळूच म्हणाल्या, "ती यादी काढून टाक आज."

"आई, मग कुणीही आत येईल हो."

"काल्याला आलेल्याला दारातून परत पाठवायचं?"

ऑफिसात कादंबरीनं असलं दार उघडं टाकणाऱ्या पोराला फाडून खाल्लं असतं. इथे तिनं निमूट यादी काढून टाकली. सुनंदामावशींनी पत्ता भजनी मंडळाच्या ग्रुपवर टाकला, मंडळातल्या बायकांनी तो आपापल्या माहेरी कळवला. नूपुरनं आपल्या अख्ख्या वर्गाला सांगितलं. लोंढाच आला! मंडळाच्या बायका पारावर फुगड्या घालू लागल्या, वर्गातली पोरं "ठाकुर कोथाय? ठाकुर कोथाय?" ओरडत देव शोधू लागली, आणि कुणीतरी सभामंडपात कोंबड्या सोडल्या. नूपुर खुर्चीवर उड्या मारत होती. कादंबरीलाही हसू आवरेना.

मग सगळं जड होऊ लागलं. फुगडीतल्या बायका हवेतच अडकल्या. एक कोंबडी अर्ध्या उडीत लटकली. कादंबरीनं यंत्राचा तक्ता उघडला, तर मेमरी गळ्यापर्यंत भरलेली. एवढ्या माणसांना ते यंत्र पुरणारच नव्हतं.

"आई, हे बंद करून मोठ्या यंत्रावर न्यायला हवं. आत्ताच्या आत्ता."

"बंद?" शैलाताईंनी तिच्याकडे पाहिलं. "वीणा माझ्या हातात आहे, कादंबरी. सर्व्हर बंद झाल्यावर ती कुणाच्या हातात असेल?"

कादंबरीनं मनात हिशेब केला. सर्व्हर बंद म्हणजे ते गावच नाही, देऊळ नाही, हात नाही. "पण नाही बंद केलं तर ते आपणहून कोसळेल. मग वीणाही जाईल आणि आज बांधलेलं सगळंच."

शैलाताईंचे ओठ हलत होते, रामकृष्ण हरी, रामकृष्ण हरी. कादंबरीनं बोट बटणावर नेलं. सात दिवस चाललेलं हे काल्याच्या तोंडावर आपल्याच हातानं मोडायचं!

टुंग.

सगळ्यांनी मागे पाहिलं. मनोहरराव उभे. हातात एकतारा. एस्प्लनेडच्या फुटपाथवर घासाघीस करून आणलेला आणि तेव्हापासून शोकेसमध्ये धूळ खात पडलेला.

"बघता काय? द्या इकडे पहारा."

"अहो, पण तुम्ही तर…"

"सुपारीचा गणपती चालतो ना? मग एकताऱ्याची वीणा चालेल. वाकव तुझ्या त्या बुटकीला, लवकर!"

शैलाताईंनी बटण दाबलं. पडद्यातली शैला वाकली, आणि पडद्यासमोर मनोहरराव वाकले. दुसऱ्या क्षणी त्यांनी तार छेडून अशी काही 'रामकृष्ण हरी'ची आरोळी दिली की फोनवरचं नागपूर दचकलं आणि मग त्यांच्या मागे गाऊ लागलं.

कादंबरीनं यंत्र थांबवलं. मोठं निवडलं. चालू केलं. डोक्यावरून विमान गेलं, कुणाचं काही ऐकू येईना, पण मनोहररावांचं बोट तारेवर चालूच होतं आणि ते जागच्या जागी चक्क नाचत होते. सर्व्हरचा पत्ता कायमचा घेऊन ठेवला होता, यंत्र बदललं तरी तोच, त्यामुळे कुणी हरवलं नाही. पहिली आली पडद्यातली शैला, मग बायका, मग पोरं, मग कोंबड्या. आणि सगळं कसं भरधाव!

"आला! आला! आजोबा, सर्व्हर आला!"

आजोबांचे डोळे मिटलेले. ते थांबेचनात.

"अहो, द्या आता माझी वीणा," शैलाताई समोर येऊन उभ्या राहिल्या.

त्यांनी एक डोळा उघडला. "देतो. पण रीतीप्रमाणे."

शैलाताई रोजच्यासारख्या त्यांच्या पाया पडल्या. मग एकतारा एका हातात उंच धरून मनोहरराव वाकू लागले. शैलाताई झटकन मागे सरल्या.

"अहो, हे काय! फोनवर सगळे बघतायत!"

"बघू देत. पाय पुढे कर."

त्यांच्या बोटांनी बायकोच्या पायांना स्पर्श केला, आणि नेमका त्याच वेळी गुडघ्यांनी दगा दिला. ते फतकन खाली बसले. एकतारा कलला.

"अहो, वर धरा! टेकेल ना!"

शैलाताईंचा असा आवाज त्या घरानं कधी ऐकला नव्हता. खालच्या मजल्यावरची खिडकी उघडली. एकतारा जमिनीपासून चार बोटांवर थांबला. शैलाताईंनी तो दोन्ही हातांत झेलला, छातीशी धरला आणि नाम न तोडता पडद्यासमोर जाऊन वाकल्या. पडद्यातली शैलाही वाकली, हातात गळ सांभाळून. मग पारावरच्या बायका, वर्गातली पोरं, न्यू जर्सी, नागपूर, अख्खं गाव खालीवर, खालीवर होऊ लागलं.

"वीणा दिली," मनोहरराव फरशीवरून म्हणाले. "आता मला कुणीतरी उचला."

"थांबा हो आजोबा," नूपुर आपल्या ठोकळामाणसाला पडद्यातल्या दहीहंडीकडे पळवता पळवता ओरडली. "तुम्ही जमिनीला टेकलात तरी चालतं!"